घरच्यासारखं नको, ठरल्यासारखं हवं

"आमच्याकडे सगळी माणसं घरच्यासारखी आहेत." कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या हार्डवेअरवाल्याला, फॅब्रिकेशनवाल्याला किंवा वायरिंगची कामं घेणाऱ्या ठेकेदाराला त्याच्याकडचं कामाचं वातावरण कसं आहे असं विचारलं, तर बहुधा हेच उत्तर मिळतं. ते खोटं असतं असं माझं म्हणणं नाही. कामगाराचं मूल आजारी पडलं तर स्वतःच्या स्कूटरवरून दवाखान्यात नेणारे, बहिणीच्या लग्नाला हातउसने पैसे देणारे, दिवाळीला कपडे करणारे मालक या पट्ट्यात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मायेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. माझा वाद या उत्तरामागच्या समजुतीशी आहे. छोट्या धंद्यात चांगलं वातावरण जिव्हाळ्यातून आपोआप येतं, नियम आणि कागद या मोठ्या कंपन्यांच्या गरजा आहेत, चार माणसांत ठरवायचं काय, अशी ती समजूत. मला ती चुकीची वाटते, आणि चांगल्या मनाच्या मालकाच्या हातून होणारा बराचसा अन्याय तिच्यातूनच होतो असंही वाटतं. जिव्हाळ्याला ठरलेल्या व्यवहाराची जमीन लागते. ती नसेल तिथे 'घर' हा शब्द कामगाराकडून जास्त मागण्यासाठी वापरला जातो, आणि त्याला देण्याची वेळ आली की 'धंदा' हा शब्द पुढे येतो.

हा विषय किरकोळ समजू नये. देशाच्या सहाव्या आर्थिक गणनेत, म्हणजे २०१३-१४ मध्ये, सुमारे ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांत काम करणारी माणसं होती सुमारे १३.१३ कोटी. सरासरी काढली तर एका आस्थापनेत सव्वादोन माणसं पडतात. याचा अर्थ, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ज्या कंपन्यांच्या 'वर्क कल्चर'वर लेख येतात, त्यांच्या दारात या देशातला सर्वसाधारण कामगार कधी पाऊलही टाकत नाही. त्याचं कामाचं ठिकाण म्हणजे दहा बाय पंधराचा गाळा, एक गल्ला, एक मालक आणि फार तर दोन-तीन सोबती. तिथलं वातावरण कसं असावं याचा विचार आपण केलेलाच नाही. तो विचार 'घरच्यासारखं' या एका शब्दावर सोपवून मोकळे झालो आहोत.

मग हा शब्द कसोटीला लावून पाहू. घरातला माणूस रात्री उशिरापर्यंत राबला तर तो हिशेब मागत नाही, म्हणून दुकानातल्या माणसानेही मागू नये अशी अपेक्षा असते. पण घरातल्या माणसाला घराच्या मिळकतीत वाटा असतो, घरात काय चाललंय हे विचारण्याचा हक्क असतो, आणि म्हातारपणी घरातून कुणी काढून टाकत नाही. यातलं काहीही दुकानातल्या हेल्परच्या वाट्याला येत नाही. खुद्द व्यापारी घराण्यांचा व्यवहार पाहिला तरी हेच दिसतं. दोन सख्खे भाऊ एकत्र दुकान टाकतात तेव्हा भागीदारीचा करारनामा करतात, नफ्याचं प्रमाण लिहितात, कोणी किती भांडवल घातलं ते नोंदवतात. रक्ताच्या नात्याला जो कागद लागतो, तो पगाराच्या नात्याला लागत नाही असं म्हणणं टिकणारं नाही. मराठी व्यापाऱ्याला हिशेबाचं वावडं तर मुळीच नाही. रोजकीर्द आणि खतावणी ही त्याची जुनी शिस्त आहे. कोणत्या गिऱ्हाइकाकडे सिमेंटच्या किती गोण्यांची उधारी आहे हे वहीत रुपयापर्यंत लिहिलेलं असतं, आणि लक्ष्मीपूजनाला त्या वहीवर हळदकुंकू वाहिलं जातं. पण आपल्याच माणसाने गेल्या महिन्यात किती रात्री दोन तास जादा काढले, त्याची किती रजा शिल्लक आहे, घेतलेल्या उचलीतली किती फिटली, याला त्या वहीत बहुतेकदा पानच नसतं. जे मोलाचं वाटतं ते माणूस लिहून ठेवतो. न लिहिलेलं कामगाराला बरोबर समजतं.

खडवलीचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण इथे हा प्रश्न घड्याळावर मोजता येतो. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंदच्या मध्ये हे स्टेशन येतं. गावाला भातसा नदीचा काठ आहे आणि सुट्टीच्या दिवशी मुंबई-ठाण्याकडची माणसं त्या काठावर येतात. इथली कामकरी माणसं ढोबळमानाने दोन प्रकारची. काही गावातल्या आणि आसपासच्या दुकानांत, हॉटेलांत, गाड्यांवर, बांधकामांवर आहेत. बाकीची रोज लोकल पकडून कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, ठाण्याच्या गाळ्यांत जातात. या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी मालकाची 'दहा मिनिटं' म्हणजे काय, याचा विचार करा. कल्याणपर्यंत गाड्या भरपूर असतात, पण कसाऱ्याकडे जाणाऱ्या मोजक्याच, आणि रात्री त्यांच्यातलं अंतर आणखी वाढतं. शटर ओढायच्या वेळी आलेल्या गिऱ्हाइकासाठी मालक म्हणतो, "दहाच मिनिटं थांब." मालकाचं घर दुकानावरच्या मजल्यावर किंवा रिक्षाच्या अंतरावर असतं. त्याची दहा मिनिटं दहाच राहतात. खडवलीच्या माणसाची गाडी चुकते, दहा मिनिटांचा तासभर होतो, आणि घरी पोचेपर्यंत मुलं झोपलेली असतात. दोघांनाही कामाबद्दल आस्था असली तरी वेळेची किंमत दोघांना सारखी पडत नाही. जिव्हाळा ही दरी भरून काढू शकत नाही, कारण जिव्हाळ्याला ती दिसतच नाही. शटर किती वाजता पडणार हे ठरलेलं असेल आणि त्यापुढचा वेळ मोजला जाणार असेल, तरच ती भरते. गावात काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. ज्या दिवशी जगाला सुट्टी, त्या दिवशी नदीकाठच्या धंद्यांना सर्वांत जास्त काम. रविवारी सुट्टी देता येत नाही हे मान्यच आहे. पण तिच्या बदल्यात कोणता वार, हे ठरलेलं नसलं की 'सोमवारी बघू' असं होतं, सोमवारी माल येतो, आणि आठवडा तसाच निघून जातो.

आठवड्याच्या सुट्टीचा उल्लेख आला की नारायण मेघाजी लोखंडे आठवायलाच हवेत. त्यांचं शिक्षण ठाण्यात झालं, म्हणजे याच जिल्ह्यात. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने त्यांनी जे निवेदन तयार केलं, त्यावर पाच हजारांवर कामगारांच्या सह्या होत्या. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर अंगावर येतात त्या त्यांच्या साधेपणामुळे. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी. मालकाने प्रेमाने वागावं असं त्यांत कुठेही नाही. वेळ, तारीख आणि रक्कम ठरवून द्या, एवढंच मागणं आहे. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. लोखंड्यांना गिरणी कामगाराच्या पोटापाण्याची जितकी जाण होती तितकीच त्याच्या मनाचीही होती. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो हवा, असंही त्यांनी मांडलं होतं. तारीख ठरली की माणूस घरभाडं देण्याचा शब्द देऊ शकतो, वार ठरला की जेजुरीला जाण्याचा बेत करू शकतो. दुसऱ्याच्या मर्जीवर न राहता स्वतःच्या आयुष्याचे बेत करता येणं, यालाच मी कामाच्या ठिकाणचा सन्मान म्हणतो. इतकी वर्षं उलटली, आणि कल्याण-डोंबिवलीतल्या किती गाळ्यांत पगाराची तारीख अजून 'पेमेंट आलं की देतो' अशी आहे, हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारावं.

उचल या प्रकाराबद्दल थोडं विस्ताराने लिहायला हवं, कारण 'घरच्यासारखं'चा सर्वांत मोठा पुरावा म्हणून मालक तीच पुढे करतो. अडीनडीला पैसे दिले, व्याज लावलं नाही, हे खरंच आहे. पण त्या पैशाला कागद नसतो, फेडीचा हप्ता ठरलेला नसतो, आणि कामगाराला दुसरीकडे दोन हजार जास्त मिळायला लागले की त्याच उचलीची आठवण करून दिली जाते. ठाणे जिल्ह्यातल्या लोकांना या वाटेचं दुसरं टोक चांगलं ठाऊक आहे. इथल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं पावसाळ्यात, हाताला काम नसताना, बयाणा घेत आली. मग हंगामभर कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर, आणि हिशेब मालकाच्या तोंडी. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशा कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं गुन्हा ठरवलं. तरीही वसईपासून पुढे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात त्यासाठी लढावं लागलं. स्टेशनरोडवरचा दुकानदार आणि भट्टीमालक एकाच मापाने मोजावेत असं मी मुळीच म्हणत नाही. दोघांत फार मोठं अंतर आहे. पण ज्या कर्जाचा हिशेब एकाच बाजूच्या डोक्यात असतो, ते दुसऱ्या बाजूला बांधून ठेवतं, हे तत्त्व दोन्हीकडे लागू पडतं, आणि देणाऱ्याचं मन किती मोठं आहे यावर ते अवलंबून नसतं. उचल द्यावी, जरूर द्यावी. तिच्यावर तारीख, रक्कम, महिन्याला किती कापणार आणि माणूस सोडून गेला तर उरलेल्याचं काय, एवढं लिहावं. मग ती मदत ठरते.

इथे पहिला मोठा आक्षेप येतो: कायद्यानेच छोट्यांना सूट दिली आहे, मग तुम्ही कोण आम्हाला सांगणारे? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा. दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती, आठवड्याची सुट्टी, सणांच्या आठ भरपगारी रजा, या मूळ कायद्यातल्या मुख्य तरतुदी होत्या. पण मूळ कायदा पूर्णपणे लागू होत होता तो दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. त्याहून लहान असाल तर धंदा सुरू केल्याची माहिती कळवली की झालं. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये तर ही मर्यादा दहावरून वीसवर नेण्याच्या आणि दिवसाचे तास नऊवरून दहा करण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. यामागे छोट्यांवरचा कागदपत्रांचा बोजा कमी करण्याचा युक्तिवाद आहे आणि तो सर्वस्वी पोकळ नाही. चार माणसांच्या दुकानाने निरीक्षकासमोर रजिस्टरांचा गठ्ठा मांडावा असं मलाही वाटत नाही. पण सूट निरीक्षणातून मिळाली म्हणून कामगाराच्या पायांना थकवा यायचा थांबत नाही. दहा माणसांच्या दुकानातल्या नवव्या तासाला जेवढी दमणूक असते तेवढीच चार माणसांच्या दुकानातल्या नवव्या तासाला असते. शिवाय 'छोट्यांना कायदाच नाही' हे विधान वस्तुस्थितीलाही धरून नाही. दुकानांतल्या कामगारांना किमान वेतन लागू आहेच. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिला माणसांच्या संख्येची अट नाही. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, आणि माणसाने काम सोडलं किंवा त्याला काढलं तर दोन कामाच्या दिवसांत पूर्ण हिशेब, हे त्या संहितेत आहे. नव्या पोराचा पहिल्या पंधरवड्याचा पगार 'पळून जाऊ नये म्हणून' दाबून ठेवण्याची जी सर्रास रीत आहे, ती या कलमापुढे उभी राहू शकत नाही. स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही तसाच आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर दुकानात अंतर्गत समिती नेमावी लागत नाही, पण जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करण्याचा हक्क तिथल्या प्रत्येक बाईला आहे. छळ मालकानेच केला असेल तरी ती समितीकडे जाऊ शकते. हे किती दुकानांत सांगितलं जातं?

आता चुकांकडे वळतो, कारण वातावरण चांगलं की वाईट याची खरी परीक्षा चूक घडते त्या क्षणी होते. स्लायडिंगच्या खिडकीचं सेक्शन अर्ध्या इंचाने तोकडं कापलं जातं, वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे होतात, गिऱ्हाइकाच्या मोजमापात आकडा चुकतो. अशा वेळी 'नुकसान तुझ्या पगारातून' हा नियम अनेक ठिकाणी शिस्तीचा नियम म्हणून मिरवला जातो. तो नेमकं काय शिकवतो ते पाहा. पोरगा शिकतो की चूक सांगायची नाही. तोकडं सेक्शन सिलिकॉन भरून दडपलं जातं, उलटं कनेक्शन तसंच भिंतीत जातं, आणि मालकाला ते कळतं ते गिऱ्हाइकाच्या शिवीतून किंवा कुणाला शॉक बसल्यावर. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इस्पितळांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या जुळलेल्या पथकांत चुका कमी सापडतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले, तिथे चुका जास्त नोंदल्या गेल्या होत्या. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती पथकं जास्त चुकत नव्हती, जास्त बोलत होती. जिथे भीती होती तिथे चुका वहीतून गायब होत्या. इस्पितळाला जे लागू ते वेल्डिंगच्या गाळ्याला लागू नाही असं मानायला काही आधार नाही. २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांतले कारखान्यांमधले स्फोट आठवणाऱ्या डोंबिवलीत तर धोक्याची गोष्ट वेळेवर बोलली जाण्याचं मोल कुणाला पटवून द्यावं लागू नये. त्या दुर्घटनांची कारणं मी इथे ठरवत नाही. एवढंच म्हणतो की धोकादायक वस्तूंशी काम करणाऱ्या माणसाला 'इथं काहीतरी गडबड आहे' असं म्हणायची भीती वाटत असेल, तर त्या जागेवरची कुठलीही दुसरी व्यवस्था भरवशाची नाही. वेतन संहितेतही नुकसान भरून घेण्याला अटी आहेत. माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला असावा, नुकसान त्याच्या हयगयीमुळे झालेलं असावं, आणि कापण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलेलं असावं. त्याचं म्हणणं ऐकणं ही अट माझ्या मते सर्वांत मोलाची. ती पाळणाऱ्या दुकानात चूक सांगितली जाते.

वातावरणाबद्दल बोलताना आपण मनाबद्दल फार बोलतो आणि शरीराबद्दल काहीच बोलत नाही. साड्यांच्या किंवा तयार कपड्यांच्या दुकानात काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलीला दिवसात किती वेळा बसता येतं? दुकानाच्या गाळ्याला स्वच्छतागृह नसेल तर ती कुठे जाते? अनेक जणी सकाळपासून पाणीच कमी पितात, हे कुणी मोठ्याने बोलत नाही. केरळात कोळिकोडच्या 'पेनकूट्टू' या संघटनेने आणि पी. विजी यांनी नेमका हा प्रश्न रस्त्यावर आणला. दुकानांतल्या विक्रेत्या स्त्रियांना बसू दिलं जात नाही आणि लघवीला जाता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. त्यातून २०१८ मध्ये केरळने आपल्या दुकान कायद्यात बसण्याची सोय बंधनकारक केली, आणि २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसा कायदा केला. लक्षात घ्या, हा हक्क मिळवण्यासाठी आंदोलन करावं लागलं ते स्टुलासाठी. त्याची किंमत दुकानाच्या एका दिवसाच्या चहाच्या खर्चाहून फारशी जास्त नसते. अडवणूक पैशाची नव्हती. गिऱ्हाइकासमोर बसलेला नोकर आळशी दिसतो, या समजुतीची ती होती. वाढदिवसाला केक कापणं आणि भिंतीवर प्रेरणेची वचनं लावणं हा कामाच्या ठिकाणी आनंद आणण्याचा मार्ग म्हणून हल्ली छोट्या दुकानांतही शिरला आहे. त्याला माझी हरकत नाही. पण केक कापणारी मुलगी संध्याकाळी सुजलेले पाय घेऊन महिलांच्या डब्यात उभी राहत असेल, तर आधी स्टूल आणावं.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी सर्वांत गांभीर्याने घेतो. छोटा धंदेवाला स्वतःच पिळला जातो. बिल्डरकडून पेमेंट चार-चार महिने अडकतं, माल रोखीने उचलावा लागतो, ऑनलाइन विक्रीने नफा खाल्ला. हातात पैसाच नसेल तर सात तारखेचं वचन तो कुठून देणार? या दुःखाबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, आणि त्याच्यातच माझं उत्तरही आहे. अडकलेल्या पेमेंटने माणसाचं काय होतं हे छोट्या उद्योजकाइतकं कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं झालंच पाहिजे अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आली, आणि अलीकडे ती आयकर कायद्याशीही जोडली गेली. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय खर्च म्हणून दाखवता येत नाही. 'बिल्डरशी आमचे घरचे संबंध आहेत, देईल तेव्हा देईल' असं कुठलाही फॅब्रिकेशनवाला म्हणत नाही. तो तारीख मागतो आणि त्याचं मागणं न्याय्य आहे. त्याच्या हेल्परचं मागणंही तेच आहे, फक्त रक्कम लहान आणि गरज मोठी. धंद्यात चढउतार येणारच. एखाद्या महिन्यात खरोखर जमलं नाही तर आधी सांगावं, अर्धे सातला आणि अर्धे वीसला देतो म्हणावं आणि ते पाळावं. कामगाराला अडचण कळते. त्याचा विश्वास उडतो तो तारीख उलटून गेल्यावर, मालक फोन कानाला लावून समोरून निघून जातो तेव्हा.

तिसरा आक्षेप म्हणजे हल्लीची पोरं टिकत नाहीत. शिकवायचं आपण आणि हात बसला की शेजारच्या गाळ्यात जायचं. ही तक्रार नवी नाही. डेट्रॉइट परिसरातल्या फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली कामगार सोडून जाण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं, म्हणजे एकेक जागा वर्षात तीन-चारदा भरावी लागत होती. हेन्री फोर्डने पोरांच्या निष्ठेवर भाषणं दिली नाहीत. जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलरचा रोज जाहीर केला, आणि गळती झपाट्याने खाली आली. या गोष्टीचा दुसरा भाग मात्र कमी सांगितला जातो. पूर्ण पाच डॉलर मिळण्यासाठी कामगाराचं घर स्वच्छ आहे का, तो दारू पितो का, पैसे कुठे खर्च करतो, हे पाहायला कंपनीची माणसं घरोघर जात. कामगारांना तो पैसा हवा होता, ती पाळत नको होती. आपल्याकडचा 'घरच्यासारखा' मालक कामगाराला लग्न कधी करतोस, गावी पैसे का पाठवतोस असं हक्काने विचारतो तेव्हा तो याच वाटेवर असतो.

राहिला पोरगा शिकून स्वतःचं दुकान टाकण्याचा प्रश्न. त्यात वाईट काय आहे हे मला अजून समजलेलं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा उद्योग बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानातून सुरू झाला. छोटं दुकान ही मोठ्या कामाची शाळा असू शकते हे महाराष्ट्राला सांगावं लागू नये. इथे कुणी म्हणेल की किर्लोस्करवाडीत तर मालक-कामगारांचं नातं घरच्यासारखंच होतं आणि ते यशस्वी झालं. बरोबर. पण १९१० नंतर कुंडलच्या माळरानावर उभ्या राहिलेल्या त्या वस्तीत कामगारांसाठी खरोखरची घरं बांधली गेली, अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम ठरला, तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना पहारेकरी नेमून त्यांच्यावर विश्वास टाकला गेला. तिथला आपलेपणा विटामातीत आणि नियमांत दिसत होता. तेवढं करणारा मालक 'घर' हा शब्द खुशाल वापरो.

शेवटचा आक्षेप सहसा उघडपणे मांडला जात नाही, पण मनात तोच असतो. सगळं लिहून दिलं तर उद्या तोच कागद तो आमच्याविरुद्ध दाखवेल. हो, दाखवेल; त्यासाठीच तो असतो. पण पगार मिळाला नाही अशी तक्रार झाली, तर पगार दिल्याची सही नसलेला मालकही तितकाच उघडा पडतो. तो कागद फार मोठा लागत नाही. नाव, आणि नावापुढे 'छोटू' नको. वय, कामाची वेळ, शटर पडण्याची वेळ, त्यानंतरच्या तासाचा दर, सुट्टीचा वार, पगाराचा आकडा आणि तारीख, उचल असेल तर तिचा हप्ता, तक्रार असेल तर कुणाला सांगायची. मराठीत किंवा त्याला वाचता येईल त्या भाषेत, दोघांच्या सह्यांनी, दोन प्रती. पाडव्याला नवी वही निघते तेव्हा तिच्या पहिल्या चार पानांवर चार माणसांची नावं घालून हे लिहिता येईल. एक प्रत गल्ल्यात राहील, दुसरी त्याच्या खिशात. ती खिशात घेऊन तो उद्या कल्याणच्या एखाद्या मोठ्या दुकानात काम विचारायला गेला, तर तिथल्या मालकाला कळेल की खडवलीच्या चार माणसांच्या दुकानात सात तारखेला पगार होतो.